सरांच्या वर्गातला बुरन्या

जेवायला बसलो की मी आधी ताट किंचित उचलून त्याखाली बघतो. बायको आता काही बोलत नाही. पाहुणे असले तर "त्यांची सवय आहे" एवढंच सांगते आणि वरण वाढते. ही सवय मला एका घरमालकांनी लावली. म्हणजे खरं तर ती त्यांनी माझ्या कुत्र्याला लावली होती, मला आपोआप लागली. कुत्रा माझ्यापेक्षा लवकर शिकला, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे ते लपणारच नाही.

'माझा कुत्रा' असं लिहून गेलो खरा. पण तो माझा की सरांचा, हा प्रश्न हैदराबाद-नागपूर हायवेवरच्या इचोड्याचं घर सोडताना असा आडवा आला की दोन शहाणी माणसं एकमेकांकडे पाठ करून बसली, आणि निकाल शेवटी कुत्र्यावरच सोपवावा लागला. पण तिथवर जायला अवकाश आहे. आधी सर.

सर गणिताचे. बोथच्या बाजूच्या गावांतून, तेलुगू मुलखातल्या मराठी शाळांतून त्यांची सगळी नोकरी झाली. मी त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेलो तेव्हा ते निवृत्त होते, एकटे होते, आणि उंच, वाळलेल्या, पाठीमागे हात बांधून चालणाऱ्या माणसाकडे बघून जे वाटतं तेच मला वाटलं, की हे आता आपली वही तपासणार. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन नांदेडला. घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. हैदराबादकडून नागपूरकडे जाणारे ट्रक दिवसभर हॉर्न वाजवत जायचे आणि सर अंगणातल्या जांबाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाखाली स्टुलावर बसून असायचे.

या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला उत्तर सांगितलं नव्हतं. गणिताचंही नाही आणि बाकीचंही नाही. पहिल्या दिवशी सामानाचा टेम्पो दारात उभा करून मी विचारलं, "सर, वरची किल्ली?"

"वरच हाये," सर म्हणाले.

मी जिन्याच्या वरची फळी चाचपली. चौकटीवरची धूळ हातानं पुसून काढली. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकावलो. टेम्पोवाला हिंदीत माझ्या हुशारीबद्दल काहीतरी पुटपुटू लागला. तेवढ्यात बायको, कडेवर कुंडी घेऊन, सरळ वर गेली आणि दार उघडून आत शिरली. किल्ली कुलपातच होती. सर खालून एवढंच म्हणाले, "सूनबाई पास." माझा निकाल त्यांनी राखून ठेवला.

हायवेवर ढाबा चालवणारा त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, चांगला पोट सुटलेला, नातवंडं झालेला. तो अधूनमधून यायचा, सरांच्या पायाशी बसायचा आणि म्हणायचा, "सर, ते हौदाचं गणित. आता तं सांगा. म्हातारा झालो मी."

"पाह्य ना बे," सर म्हणायचे. "काय घाई हाये तुले?"

तो हसत हसत उठायचा. माझी खात्री आहे, त्याला ते उत्तर नकोच होतं. ते मिळालं असतं तर यायला निमित्त काय उरलं असतं?

आता कुत्रा. तोही त्या ढाब्यावरच मिळाला. एका ट्रक ड्रायव्हरच्या केबिनमधे पिलू होतं, मऊ, पिवळसर, लोळणारं. ड्रायव्हर म्हणाला, "साब, असली लॅब्राडोर है, मेमसाब के घर का." माझ्या मनगटावरचं सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ त्याला आवडलं होतं, त्याच्या मांडीवरचं पिलू मला आवडलं होतं. दोघांनाही व्यवहार समसमान वाटला. मी पिलाचं नाव ब्रुनो ठेवलं. घरी आल्यावर बायकोनं पिलाकडे बघितलं, माझ्या उघड्या मनगटाकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "किती वाजले?"

पुढे लॅब्राडोरचे कान उभे राहिले. मग तोंड लांब झालं. मग शेपटी वर उठली आणि जिलबीसारखी वळून पाठीवर बसली. मी तरीही म्हणत राहिलो की लॅब्राडोरच्या काही जातींत असं असतं. सरांनी एक दिवस त्याला पुढून, मागून, बाजूनं पाहिलं.

"याच्यासारखे बाजारात मटणाच्या दुकानापुढं चार बसून राह्यतात," ते म्हणाले. "ते काय मेमसाबकडूनच आले काय? ये रे बुरन्या."

कुत्रा शेपटी हलवत गेला. त्या क्षणापासून ब्रुनो हे नाव फक्त माझ्या तोंडात राहिलं.

बुरन्या मोठा होता होता घर लहान होत गेलं. त्यानं चपला खाल्ल्या, पायपुसणं खाल्लं, कूलरची वायर अर्धी खाल्ली. नशीब, कूलर बंद होता. प्रत्येक वेळी बायको मला वेळ विचारायची. पण खरा घोर निराळाच होता. फाटक उघडं दिसलं की तो हायवेवर पळायचा आणि कापसाच्या गाड्यांमागे लागायचा. एकदा एका ट्रकनं करकचून ब्रेक मारला, तो आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आला. त्या दिवशी मी त्याला साखळीनं जांबाला बांधलं. मग तो दिवसभर भुंकायला लागला, एका सुरात, कंटाळलेल्या पोरानं बाक वाजवावा तसा.

दोन दिवसांनी सर जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत. मला वाटलं, घर खाली करा म्हणतात आता.

"अहो हुशार," सर म्हणाले. मला ते याच नावानं हाक मारत. कौतुक नव्हे, हे सांगायला नको. "तुमचं कुत्रं उपाशी हाये."

"सर, दोन वेळा जेवतो तो. वर माझी चप्पल."

"पोट नाई म्हनत मी. डोकं. डोक्याले तुमी काई खायले देत नाई. मंग ते चपला खाते. माह्या वर्गातले मागच्या बाकावरचे पोट्टे असेच होते, बाक कोरत. बाकाशी काय दुश्मनी होती त्याइची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जांबाखाली शाळा भरली.

सरांनी घरातून पोंगनालचं पात्र आणलं. आपण ज्याला आप्पेपात्र म्हणतो ते. पत्नीच्या वापरातलं, काळं, जड, बिडाचं. एकेका खळग्यात भाकरीचा तुकडा टाकला आणि प्रत्येकावर गल्लीतल्या पोरांचे जुने टेनिसचे चेंडू ठेवून दिले. मग ते बुरन्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "वेतुकु." म्हणजे तेलुगूत शोध. कुत्र्याशी सर तेलुगूतच बोलत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "शाळेच्या मुआयन्याले, तपासनीले, मोठे साहेब आले का तेलुगूतच बोलत. आमी मास्तर लोक लगेच सरळ उभे राह्यत होतो. हुकमाची भाषा हाये ती. लाडाले मराठी हायेच की."

बुरन्यानं एक चेंडू उचलला आणि पळाला. त्यानं तो चेंडू चावला, फेकला, परत आला, वास घेतला. दुसरा चेंडू नाकानं ढकलला. खाली भाकरी! त्याच्या तोंडावर जो भाव आला तो मी नंतर हैदराबादेत, लिफ्टचं बटण दाबल्यावर दार उघडलेलं पाहून, गावाकडून आलेल्या माझ्या काकांच्या तोंडावर पाहिला.

"शाब्बास!" मी ओरडलो. "इकडे बघ ब्रुनो, हा पण काढ, हा..." आणि मी पुढच्या चेंडूला बोट लावलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोट काढून घेतलं. पुष्कळ वर्षांनी मला शाळेतल्यासारखी लघवी लागली.

"आगु," सर म्हणाले. थांब. कुत्रा नव्हता हलला. ते मला होतं.

त्यानंतर मी वर्गात बसायचो, पण गुडघ्यांखाली हात दाबून. सरांनी एकेक खेळणं घरीच केलं. जुन्या पोत्याला चिंध्यांच्या गाठी मारून एक गोधडी केली, तिच्या झालरीत चणे लपवायचे. बुरन्या त्यात नाक खुपसून अर्धी सकाळ घालवायचा आणि मग दमून जांबाखाली पसरायचा. पळून पळून तो कधी एवढा दमलेला मी पाहिला नव्हता. सागवानी फळ्यांची एक पेटी केली, तिला लहान लहान खण, प्रत्येक खणाला दोरीचं शेपूट. दोरी ओढली की खण बाहेर. आणि सगळ्यात अवघड ते बांबूचं नळकांडं. बांबूचं एक जाड पेर, घासून घासून गुळगुळीत केलेलं, तोंडाला लाकडी बूच, बुचाला सुतळीचा फास. एका पायानं नळकांडं दाबून धरायचं, दातानं सुतळी ओढायची, मग ते तिरपं करायचं. त्यात सुकी मच्छी असायची. सर पक्के शाकाहारी. मच्छी बाजारातून मी आणायची आणि सर ती चिमट्यानं धरून, तोंड जांबाकडे फिरवून, नळकांड्यात सोडायचे. चिमटा मग अंगणातच, वेगळ्या खिळ्याला.

कुत्रा खेळत असताना सर पाठीमागे हात बांधून त्याच्याभोवती फेऱ्या मारत. परीक्षेच्या हॉलमधे मारतात तशा. तो अडला, कुंई कुंई करायला लागला, तरी वाकत नसत. फारच अडला तर ते नळकांडं उचलत, बूच थोडं सैल करत आणि परत ठेवत.

"ही मदत नाही का?" मी एकदा विचारलंच.

"गणित सोपं करून देता येते," सर म्हणाले. "उत्तर सांगता येत नाई. उत्तर सांगनं म्हंजे पोट्ट्याचा डबा आपन खानं."

आणि गोडी असतानाच थांबवायचे. बुरन्या अजून हवं म्हणून उड्या मारत असला की म्हणायचे, "चालु," पुरे, आणि सगळं उचलून आत. "उद्या येईन ना मंग तो वर्गात." साखळी केव्हा सुटली ते कळलंही नाही. फाटक उघडं असायचं, ट्रक हॉर्न मारत जायचे, आणि बुरन्या एक कान त्यांच्याकडे करून चिंधीतला चणा काढण्यात गुंतलेला असायचा. पोळ्याला सगळ्या जनावरांना आराम. मला वाटलं, आज तरी शाळा बंद असेल. सर पुरणपोळीचा तुकडा गोधडीत लपवत होते. "बैल कामानं थकते म्हनून त्याले सुट्टी," ते म्हणाले. "हा सुट्टीनं थकते."

या सगळ्यात मी काय करत होतो? मी सुधारणा करत होतो. इंटरनेटवर बघून मी एक परदेशी चेंडू मागवला. बॅटरीवर चालणारा, मोबाईलवरून वळणारा, दिवे लागणारा. वर्गात मोठ्या थाटात तो सोडला. चेंडू घरघरत निघाला, बुरन्या सरांच्या मागे जाऊन लपला, चेंडू स्टुलाला धडकला, वळला आणि फाटकातून बाहेर. मी मोबाईल दाबत मागे. चेंडू उतारावरून हायवेकडे, मी त्याच्यामागे, आणि वरच्या गॅलरीतून बायको बघतेय. कापसाच्या एका गाडीनं तो विषय संपवला. परत आलो तेव्हा सर बुरन्याला थोपटत होते.

"खेळन्याचं डोकं चालून काय फायदा," ते म्हणाले, "कुत्र्याचं चालाले पाह्यजे." मग माझा धापा टाकणारा अवतार पाहून, "तुमचा व्यायाम मात्र झाला."

"खेळनं कोनासाठी आनलं होतं, ते आता कळलं," वरून बायको म्हणाली.

पण माझं खरं कर्तृत्व त्यापुढचं. नातीला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला घेऊन सरांची मुलगी बासरला सरस्वतीच्या देवळात येणार होती, म्हणून सर थोडे दिवस तिकडे गेले. जाताना नळकांडं माझ्या हातात दिलं. "रोज एकदा. अन तुमी फक्त पाहाचं." मी पाहिलं. पहिल्या दिवशी पाहिलं. दुसऱ्या दिवशी बुरन्याची सुतळी दातांतून निसटली, त्यानं माझ्याकडे मान वळवली, त्या डोळ्यांत असं काही होतं की मी इकडेतिकडे बघितलं आणि बूच काढून दिलं. तिसऱ्या दिवशी तो अडायची वाट न बघताच आला.

सर परतले. पिशवीही खाली न ठेवता स्टुलावर बसले आणि म्हणाले, "वेतुकु." बुरन्यानं नळकांडं तोंडात उचललं, सुतळीकडे ढुंकून न बघता सरळ माझ्याकडे आला, ते माझ्या पायाशी ठेवलं आणि उजवा पंजा माझ्या गुडघ्यावर दाबला. नीट, मापात, दारावरची बेल दाबावी तसा. मी जागच्या जागी हललो. हात आपोआप बुचाकडे जात होता तो मी मधेच डोकं खाजवण्यात वळवला.

सरांनी पिशवी खाली ठेवली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सरांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आवाज नाही, नुसते खांदे.

"कुत्रं हुशार हाये तुमचं," ते म्हणाले. "या अंगनातलं सगळ्यात सोपं खेळनं हुडकून काढलं त्यानं. गुडघ्यावर दाबलं का उघडते."

घरात ही गोष्ट फार दिवस पुरली. बायकोला बाजारात जायचं असलं की ती शेजारी येऊन बसायची आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची. मी उठायचो.

मग माझा तबादला झाला. हैदराबाद. बढतीवर. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅटही बघून झाला, खाली अंगण म्हणून दुचाक्या उभ्या करायची जागा. मी खाली जाऊन सरांना सांगितलं.

"चांगलं झालं," सर म्हणाले. "तुमच्यासारख्या हुशार मानसानं इचोड्यात काय करावं?" आणि मग, नळकांड्याच्या बुचावर अंगठा फिरवत, "बुरन्यालेबी शहर पाहाले भेटन."

मी हो म्हणालो. त्यात बोलण्यासारखं काय होतं? कुत्रा माझा होता, घड्याळ देऊन घेतलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीत अंगणात उतरलो तर जांबाखाली पोंगनाल नाही, पोतं नाही, पेटी नाही. सरांनी एका स्टीलच्या ताटलीत भाकरी कुस्करून, वर दूध घालून ती बुरन्यासमोर ठेवली होती. नुसती ताटलीत. उघडी.

"आज वर्ग नाही?" मी विचारलं.

"आता सुट्ट्या लागल्या त्याले," सर म्हणाले आणि ट्रककडे बघत राहिले.

बुरन्यानं ताटलीचा वास घेतला. मग तिच्याभोवती फिरला. ताटलीच्या कडेखाली नाक घालून ती उचलून पाहिली, खाली काही दडवलंय का ते. दूध सांडलं. त्यानं सांडलेल्या दुधाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि बसून राहिला. एवढं सोपं असणारच नाही, कुठेतरी काहीतरी चुकतंय, असा त्याचा चेहरा. सर उठून आत गेले. बुरन्या जेवला नाही. आणि मी वर येऊन पोह्यांच्या बशीपुढे बसलो तेव्हा ती बशी उचलून तिच्याखाली बघितली, पहिल्यांदा.

"सर," मी दुपारी म्हणालो, "मी विचार करतो, कुत्रा इथेच राहू द्यावा. फ्लॅटमधे त्याचे हाल होतील."

"माह्यासाठी नका सोडू. मले कायले पाह्यजे कुत्रं? तुमच्या जीवाले लागन."

"माझ्या जिवाला? छे. मी तर त्याच्यासाठीच म्हणतो."

"तुमचा हाये तो. तुमी न्या."

"नाही सर, तुम्ही ठेवा."

"तुमी न्या."

हे दोन दिवस चाललं. दोघंही एकमेकांना कुत्रा देत होतो आणि दोघंही दिवसातून दहादा त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होतो. शेवटी बायको मधे पडली. "दोघाईले पाह्यजे, अन दोघंबी नाई म्हनून राह्यले. ज्याचा प्रश्न हाये त्याले विचारा ना!"

सरांचे डोळे चमकले. "सूनबाई, बराबर. मुआयना घेऊ त्याचा." आणि पाठीमागे हात बांधून त्यांनी नियम सांगितले. अंगणाच्या एका टोकाला, फाटकापाशी मी. दुसऱ्या टोकाला ओट्यावर सर. प्रत्येकाच्या पायाशी एक नळकांडं (जोडीचं दुसरं सरांनी करून ठेवलेलं होतं), ज्याचं त्यानं भरायचं. बुरन्या मधे, जांबापाशी. हाक मारायची नाही, चुटकी नाही, शीळ नाही. ज्याचं नळकांडं तो उघडेल आणि खाईल, त्याचा तो.

"अन मदत नाई," सर माझ्याकडे बघत म्हणाले. "पंजा आला तं तोंड फिरवाचं."

मी वर आलो, नळकांड्यात मच्छी भरली, आणि मग कोपऱ्यातला खलबत्ता घेतला. बूच तोंडावर ठेवलं आणि बत्त्यानं ठोकलं. एकदा, दोनदा, चांगलं गच्च बसेपर्यंत. आजवर मी त्या कुत्र्याला मदत करून बिघडवलं होतं. आता त्याला माझं नळकांडं उघडणार नाही, तो सरांकडे जाईल, तिथलं बूच नेहमीसारखं सैल असेल, तो ते चुटकीसरशी काढेल. एकदा तरी माझं गणित पक्कं होतं.

बायको दारात उभी होती. तिनं बत्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "किती वाजले?" ती हळूच म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज निराळा होता.

सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. बायकोनं बुरन्याला जांबापाशी धरून ठेवलं होतं. सर म्हणाले, "वेतुकु," आणि तिनं सोडलं.

तो आधी सरांकडेच गेला. मी सुटकेचा श्वास घेतला. त्यानं त्यांच्या नळकांड्याला एका बाजूनं हुंगलं, दुसऱ्या बाजूनं हुंगलं, आणि ते तसंच टाकून अंगण ओलांडत माझ्याकडे आला. मला काही उमजेना. त्यानं माझं नळकांडं पायाखाली घेतलं. सुतळी दातांत धरून ओढली. बूच हललं नाही. त्यानं पवित्रा बदलला, दुसऱ्या पंजानं दाबलं, मान खाली घालून असा जोर लावला की मागचे पाय मातीत घसरले. बूच नाही हललं. मग व्हायचं तेच झालं. त्यानं ते माझ्या पायाशी ठेवलं आणि पंजा माझ्या गुडघ्यावर दाबला.

मी तोंड फिरवलं. फाटकापलीकडून कापसाची एक गाडी चालली होती. तिच्या मागं काय लिहिलं होतं ते मी सगळं वाचलं. पंजा पुन्हा दाबला गेला, जरा जोरात. बेल बिघडली की काय, असा. मी बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी दाबलं आणि मी उघडलो नाही.

पंजा निघाला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. बुरन्या नळकांडं तोंडात घेऊन अंगण परत ओलांडत होता. ओट्यापाशी गेला. ज्यांनी त्याला कधीही, एकदाही, बूच काढून दिलं नव्हतं, त्या सरांच्या पायाशी त्यानं ते ठेवलं आणि त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवला.

सरांचे हात पाठीमागे बांधलेले होते. त्यांनी तोंड फिरवलं. ट्रककडे पाहिलं, जांबाकडे पाहिलं, खिळ्याला टांगलेल्या चिमट्याकडे पाहिलं. पंजा तिथंच होता. बुरन्या कुंई कुंई करत नव्हता, घाईही नव्हती त्याला. नुसता वाट बघत होता.

मग ते हात पुढे आले.

सरांनी बूच ओढलं. निघेना. त्यांनी परत ओढलं, थांबले, बुचाची ठोकलेली कड न्याहाळली आणि मान वर करून अंगणाच्या या टोकाला माझ्याकडे बघितलं. मग नळकांडं ओट्याच्या दगडावर आडवं आपटत आपटत बूच सैल केलं, काढलं, आणि आत बोटं घालून सुकी मच्छी बाहेर ओढली. चिमटा नाही, काही नाही, स्वतःच्या हातानं. तळहातावर धरली. बुरन्यानं ती अलगद उचलून घेतली, आणि मग तो हात चाटत राहिला.

मी ओट्यापाशी गेलो. सरांचं नळकांडं तसंच पडलं होतं. उचललं तर हलकं लागलं. बूच बोटानं निघालं. आत धुऊन, पुसून स्वच्छ. वाससुद्धा नाही.

"सर," मी म्हणालो, "यात तर तुम्ही काहीच..."

"पाह्य ना बे," सर म्हणाले. मला त्यांनी 'बे' पहिल्यांदाच म्हटलं. "काय घाई हाये तुले?"

बायको पदरानं नाक पुसत होती आणि धुळीला नावं ठेवत होती. सरांनी ओल्या हातानंच चष्मा नीट केला, पुन्हा हात मागे बांधले आणि निकाल दिला.

"मदत घेतली त्यानं. नापास."

"मग आता?"

"मंग काय? नापास पोट्ट्याले वर ढकलता येते काय?" सर म्हणाले. "याच वर्गात बसन तो."